दोन वेढ्यांची गोळी

पुणे, ३ मार्च १९५८

भिवा,

आशीर्वाद. जावळाच्या दिवशी मी जेवल्याजेवल्या निघाले ते रागावून नव्हे. पिरंगुटापर्यंत चालत जाऊन संध्याकाळची येष्टी धरायची होती. रागावलेली आहे हेही खरं, पण तो राग बारशापासूनचा आहे. मी सख्खी आत्या असून मला अंगणात उभं केलंत आणि कान्हूच्या कानात नाव सांगितलं शेजारणीनं. एक तर विधवा, त्यात दवाखान्यात लोकांच्या पोरांचे लंगोट धुणारी. नवरा गेल्यावर तुझ्या चुलीपुढं बसून राहिले असते तर चाललं असतं. मी आया म्हणून लागले ते तुझ्या डोळ्यांत सलतं. सलू दे. आज त्यासाठी लिहीत नाही.

जावळाबद्दल लिहिते आहे. मामाच्या मांडीवर कान्हूला बसवला, न्हाव्यानं पाणी लावलं, वस्तरा फिरवला, आणि पोर हूं की चूं नाही. सगळ्या बायका म्हणाल्या, "लई गुणी लेकरू बया, देवमानूस जल्माला आलाय." तुळजाकाकूनं तर दोन्ही हातांनी दृष्ट काढली. भिवा, तुझ्या जावळाला मी सात वर्षांची होते. तू न्हाव्याच्या अंगठ्याला असा चावलास की बिचारा अर्धं डोकं तसंच सोडून उठला होता. जावळात रडत नाही असं पोर मी पाहिलेलं नाही.

चंद्रा वाढायला गेली तेव्हा घटकाभर त्याला मांडीवर घेतलं. भर उन्हात अंग गार. कातडी खरखरीत. बेंबी फुगलेली. जीभ ओठांबाहेर आलेली, ती आत जाईना. वर्षाचा होत आला, अजून बसत नाही. मान धरतो तीही नाइलाज असल्यासारखी. चंद्राला विचारलं, शी होते का गं रोज? ती म्हणाली, "आटवड्यानं कवातरी. तरास न्हाई काई त्याचा."

आमच्या दवाखान्यात न रडणारं पोर आलं की सिस्टर आधी त्याच्याकडं धावते. रडणाऱ्याला थांबायला सांगतात.

मी आमच्या डॉक्टरीणबाईंना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, मूल पाहिल्याशिवाय बोलणार नाही, पण गळ्यातल्या गाठीचा दोष असावा. लवकर आणा म्हणाल्या. माझ्याकडं उतरायचं नसेल तर नका उतरू. पण आणा.

आक्का

पुणे, २८ मार्च १९५८

भिवा,

तुझं कार्ड मिळालं. "मानंत गाठ न्हाई. म्या सोता चाचपून बगितलं, काकूनंबी बगितलं. तुजी डाक्टरीन गाठ म्हनती ती हाय कुटं?" असं लिहिलंस.

गाठ नाही, हाच तर रोग आहे.

चूक तुझी नाही. आपल्याला माहीत असलेल्या गाठी सगळ्या वाईटच. काखेतली वाईट, मानेतली वाईट, पायात काटा मोडला की जांघेत अवधाण येतं ते वाईट. आजोबांच्या वेळी गाठीच्या तापानं घरं रिकामी झाली. म्हणून गाठ म्हटलं की तू चाचपून पाहिलंस आणि नाही म्हणून सुटकेचा श्वास सोडलास. मीही तेच केलं असतं. बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, तुम्हांला गाठ म्हटलं हे माझंच चुकलं, ग्रंथी म्हणा.

तर ग्रंथी म्हणजे असायला हवी ती गाठ. बाईंनी मला चहाच्या सुट्टीत बसवून सांगितलं ते माझ्या भाषेत सांगते. अंगात अशा पुष्कळ आहेत. काहींना तोटी असते. लाळेच्या, घामाच्या, डोळ्यांतल्या पाण्याच्या. त्यांचं काम आपल्याला दिसतं. काहींना तोटीच नसते. त्या आपला रस परस्पर रक्तात सोडतात, तो कुणाला दिसत नाही, आणि घर चालतं ते त्यांच्यावर. मेंदूच्या खाली वाटाण्याएवढी एक आहे, ती बाकीच्यांना कामाला लावते. पोटात जठरामागं एक आहे, ती बिघडली की लघवीला मुंग्या लागतात. मूत्रपिंडांवर दोन बसलेल्या असतात, माणूस भ्यालं किंवा चिडलं की त्या जाग्या होतात. तुझ्या त्या धडधाकट असणार, याबद्दल मला शंका नाही.

आणि गळ्यात, कंठमण्याच्या खाली एक. तिचं काम अंगाला चाल देणं. ऊब तिची, भूक तिची, वाढ तिची. लहान पोरात मेंदूची वाढही तिच्यावर. ती जन्मतःच नसली किंवा नुसती नावाला असली की पोर थंड पडतं, फुगतं, झोपतं, आणि रडत नाही. लोक गुणी म्हणतात. कान्हूच्या गळ्यात तुला काही लागलं नाही, ते लागणारच नव्हतं.

आता नीट वाच. हात-पाय मागं पडले तर औषधानं नंतरही भरून निघतात. मेंदूचं तसं नाही. त्याचे दिवस पहिल्या वर्ष-दोन वर्षांचे, ते गेले की गेले. बाई म्हणाल्या, उशीर झाला तर मूल जगेल, जेवेल, पण आईला आई म्हणेल की नाही सांगता येणार नाही. मी हे वाक्य तुला सौम्य करून लिहायला बसले होते. नाही जमलं.

ज्वारीची मळणी, लग्नसराई, सगळं तुझ्या घरी आहे हे मला कळतं. तरी आण.

आक्का

पुणे, २२ मे १९५८

भिवा,

तू आला नाहीस, पण पाठवलंस. चंद्रा आणि तुळजाकाकू काल सुखरूप परत पोचल्या असतील. काकूनं माझ्या खोलीत पाणीही घेतलं नाही, घरून आणलेली दशमी खाल्ली. चंद्रानं घेतलं. काकूची पाठ वळल्यावर.

कान्हूच्या मनगटाचा फोटो काढला. आतली हाडं दिसतात त्यात. वर्षाच्या पोराला असायला हवीत तेवढी नाहीत. बाईंनी तो फोटो उजेडापुढं धरून दुसऱ्या पोराच्या फोटोशेजारी चंद्राला दाखवला. ती बराच वेळ बघत होती. मग म्हणाली, "म्हंजे ह्यो आळशी न्हाई तर." बाई म्हणाल्या, नाही. तेव्हा ती रडली. मला वाटतं, घरात कुणीतरी त्याला आळशी म्हणायला लागलं होतं. कोण ते मी विचारलं नाही.

औषध दिलंय ते असं: जी ग्रंथी त्याच्या अंगात नाही, तिचा रस गोळीतून द्यायचा. रोज सकाळी अनशापोटी एक अख्खी गोळी, कुटून, चमचाभर दुधातून. रोज म्हणजे रोज. आज बरा दिसतो म्हणून उद्या बंद, असं नाही. जन्मभर द्यायची आहे.

तू काकूजवळ निरोप पाठवलास, "गोळी कशाची हाय ते लिव्ह." कुणीतरी तुला सांगितलंय की दवाखान्यात माशाचं तेल पाजतात. पाजतात, पण ते वेगळं. ही गोळी फिकट तपकिरी आहे, वासाची नाही, परदेशातून येते. कशाची ते बाईंना ठाऊक. मी आया आहे, माझं काम लंगोटांचं.

आक्का

पुणे, ३० ऑगस्ट १९५८

भिवा,

"तीन म्हयनं झालं, काय सुदिक फरक न्हाई. तुजी दवा खोटी." हे तू कार्डावर लिहिलंस, म्हणजे पिरंगुटाच्या पोस्टमननंही वाचलं असणार.

फरक नाही हे खरं आहे. परवा चंद्रानं त्याला दाखवायला आणलं तेव्हा मीही पाहिलं. तसाच गार, तशीच जीभ. बाई पुन्हापुन्हा विचारत होत्या, गोळी देता ना? चंद्रा म्हणाली, "देवाशप्पत देतो. एक दीस चुकला न्हाई." ती खोटं बोलत नव्हती. बाईंना तोंड पाहून कळतं.

बाई गोळी वाढवणार होत्या. मग थांबल्या आणि मला म्हणाल्या, तुम्ही एकदा घरी जाऊन बघा.

मी येते आहे. मला अंगणात बसवलंत तरी चालेल.

आक्का

पुणे, १४ सप्टेंबर १९५८

भिवा,

मी आले तेव्हा तू पौडाला गेला होतास. मुद्दाम गेलास की बाजार होता, ते तुझं तुला. म्हणून जे पाहिलं ते लिहूनच सांगावं लागतं.

चंद्राला म्हटलं, बाटली दाखव. तिनं आतून आणली. बाटली भरलेली. एक-दोन गोळ्या कमी असतील. मी म्हटलं, अगं ही कशी भरलेली? ती म्हणाली, "त्यातलीच देतो की." आणि काकूनं सहाण काढली.

सहाणेवर बाळगुटीचा सगळा पसारा. हळकुंड, जायफळ, वेखंड, मुरडशेंग. आणि त्यांच्या शेजारी चिंधीत गुंडाळलेली एक तपकिरी गोळी. काकूनं ती दोन बोटांत धरली, सहाणेवर दुधाचा थेंब टाकला, आणि उगाळली. एक वेढा. दुसरा वेढा. संपलं. गोळी पुसून पुन्हा चिंधीत. बोटानं चाटवलं कान्हूला. म्हणाली, "डाक्टरी दवा लई उष्ण अस्ती. दोन येढ्याच्या वर द्यायाची न्हाई, आतडी जळत्यात लेकराची."

तीन महिने रोज दोन वेढे. न चुकता. ती गोळी एका बाजूनं किंचित चपटी झाली होती, बस.

मला काकूवर ओरडावंसं वाटलं. ओरडता आलं नाही. तिनं तुला वाढवलं, मला वाढवलं, सहा लेकरं तिनं त्याच सहाणेवर वाढवली. पोराच्या पोटात जे जातं ते सहाणेवरून जातं, याखेरीज तिला कोण काय सांगणार? मी 'कुटून' लिहिलं, तू 'कुटून' वाचून दाखवलंस, तिनं मान हलवली आणि तिला ठाऊक होतं तसं केलं. मी तिथंच खलबत्त्यात गोळी कुटली, अख्खी, आणि चमच्यानं दिली. काकू तोंडावर पदर घेऊन बघत होती, जणू मी विषच घालतेय.

तीन महिने गेले, भिवा. पोराच्या मेंदूच्या वर्षातले. मला त्याचा फार राग आला आहे, आणि तो कुणावर काढावा ते कळत नाही.

आता दुसरं. वाटेत येष्टीत बसून विचार केला आणि ठरवलं की लिहायचं. तू विचारलंस, मी टाळलं. ती गोळी जनावराच्या ग्रंथीची आहे. कत्तलखान्यात जनावर कापलं की गळ्यातली ती ग्रंथी काढतात, वाळवतात, पूड करतात, गोळी बनवतात. दुसरी कशाची होत नाही, झाडपाल्यात तो रस नाही. कोणत्या जनावराची ते बाटलीवर लिहिलेलं नसतं. मी मेंढराची धरून चालते. तूही तेच धर आणि पुढं विचारू नकोस.

तू माळकरी. आजोबांपासून घरात अंडं शिरलेलं नाही. कांदासुद्धा एकादशीला बाहेर. मला सगळं ठाऊक आहे, मीही त्याच घरात वाढले. न सांगता दिली असती तर महिना-दोन महिने, वर्षभर निभावलं असतं. पण ही गोळी त्याला म्हातारा होईपर्यंत घ्यायची आहे. कधीतरी कुणीतरी शहाणा तुला सांगणार, तू त्याच दिवशी बाटली नदीत टाकणार, आणि कान्हू पुन्हा गार पडणार. त्यापेक्षा आत्ताच काय ते ठरव. एका पारड्यात तुझं आयुष्यभराचं व्रत आहे, दुसऱ्यात पोराची अक्कल. हे तुला सोपं आहे असं मी म्हणणार नाही. माझं मत काय ते तू विचारलेलं नाहीस, तरी सांगते: दे.

आणि हे पत्र चंद्राला वाचून दाखव. सगळं. वगळू नकोस. लेकरू तिचंही आहे.

आक्का

पुणे, २० नोव्हेंबर १९५८

भिवा,

तू उत्तर पाठवलं नाहीस. चंद्रा आली. एकटीच, कान्हूला कडेवर घेऊन, घरापासून पिरंगुटापर्यंत चालत. काकू नाही, तू नाही. तिला एकटीनं येष्टीत बसलेलं मी पहिल्यांदा पाहिलं.

म्हणाली, "पत्र समदं वाचून दाकावलं. येक आक्शर गाळलं न्हाई. मेंढराचंबी वाचलं. मग उटून भाईर गेलं, जेवलं न्हाई त्या दिशी. दुसऱ्या दिशी म्हनलं, म्या देनार न्हाई आन् देऊ नगंस असंबी म्हननार न्हाई. तुजं तू बग."

मला हसू आलं आणि आलंही नाही. हा तुझाच न्याय. पण बाटली नदीत टाकली नाहीस, याची मी नोंद घेतली.

ती देते. कशी देते ते तुला दिसत असेलच, तरी मला तिनं सांगितलं. स्वयंपाकघरात नाही. गोठ्यात. वेगळा दगड, वेगळी वाटी, वेगळा चमचा. कुटून देते, वाटी तिथंच गव्हाणीमागं ठेवते, हातपाय धुते आणि मग आत येते. पोरालाही तोंड धुतल्याशिवाय देवापुढं नेत नाही. असं करायला तिला कुणी सांगितलं नाही. तिनंच तोडगा काढला, तुझं घर बाटू नये आणि तिचं पोरगं वाचावं म्हणून. बाईंना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, गोठ्यात द्या नाहीतर झाडावर बसून द्या, अख्खी गोळी पोटात गेली म्हणजे झालं.

गेली आहे. जीभ आत गेली. दोन दात आले. अंग कोमट झालं. आणि भिवा, तो रडला. सुई बघून असा रडला की वॉर्डातली बाकीची पोरं त्याच्याकडं बघायला लागली. चंद्रा घाबरली, म्हणाली, "आसं कवा केलं न्हवतं त्यानं." मी तिला म्हटलं, रडू दे त्याला. सिस्टरनंही घाई केली नाही.

बाईंनी एक गोष्ट मला बाजूला घेऊन सांगितली, ती तुला सांगते, कारण एकदा खरं लिहायला लागल्यावर मध्येच थांबता येत नाही. उशीर झालाय. किती नुकसान झालं ते आज कळणार नाही. चालेल नक्की. बोलेल का, आणि केव्हा, ते त्याही सांगत नाहीत. शाळेचं तर नावच काढू नका म्हणाल्या. चंद्राला मी हे सांगितलेलं नाही. तू सांगायचं की नाही ते तू ठरव.

आक्का

पुणे, १७ जानेवारी १९६०

भिवा,

तुझं पाकीट मिळालं. कार्ड नाही, पाकीट, म्हणून आधी घाबरलेच. उघडलं तर पहिलं पान सगळं आंबेमोहर भाताचं. किती झाला, किती पाखरांनी नेला, पौडाला भाव काय. दुसऱ्या पानावर काकूचा गुडघा. कान्हू आता घरभर चालतो, शेजारच्या कोंबड्यांच्या मागं लागतो, पण तोंडातून शब्द नाही, हे चंद्रानं दिवाळीतच सांगितलं होतं, तेच तू पुन्हा लिहिलंस. आणि मग अगदी शेवटी, नाव घालून झाल्यावर, कागदाच्या कडेला उभ्या ओळीत हे:

"आज सकाळी कान्हू गोळीला न्हाई म्हनला. तोंड गच्च मिटून बसला. चंद्रीला आवरंना, तिनं मला हाक मारली. म्या गोठ्यात गेलो. त्याला मांडीवर घेतला, नाक दाबलं, तोंड उघडलं का चमचा आत घातला. माज्या हातानं."

मी ते डॉक्टरीणबाईंना वाचून दाखवलं. त्यांनी थांबवलं. म्हणाल्या, थांबा, 'नाही म्हणाला' म्हणजे मान हलवली की तोंडानं म्हणाला? मी पुन्हा वाचलं. तू 'म्हनला' लिहिलंस. भिवा, तू मान हलवण्याला म्हनला लिहीत नाहीस. इतकी वर्षं तुझी पत्रं वाचते आहे.

बाई म्हणाल्या, मग हा त्याचा पहिला शब्द. तो आईसाठी नाही, बापासाठी नाही, औषधाला नकार द्यायला आला. त्यांना त्याचा फार आनंद झाला. म्हणाल्या, आपल्याला काय नको ते ज्याला कळतं, त्याला पुढं पुष्कळ काही कळेल.

मी वॉर्डाच्या मागच्या नळाशी जाऊन रडले. कामावर आम्ही रडत नाही, तो नियम आहे, तो मोडला.

उद्याही तो न्हाई म्हणेल. परवा म्हणेल, ओरडून म्हणेल, चावेलही. म्हणू दे त्याला. त्यासाठी मारू नकोस. आणि एक दिवसही त्याचं ऐकू नकोस.

आक्का